मुन्शी घाटाचं देणं

काशीतल्या मुन्शी घाटाच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या एका निवृत्त कारागिराचं माझ्यावर ऋण आहे. ते पैशाचं नाही, कारण पैसे त्यांनी घेतलेच नाहीत. माझा कॉम्प्युटर एखाद्या सकाळी सुरू व्हायचा, एखाद्या सकाळी व्हायचा नाही, आणि त्यावर माझं पोट होतं. हे मी बऱ्याच जणांना सांगून पाहिलं होतं. ते खरं मानलं एकट्या काकांनी. त्यांचं नाव लिहीत नाही. गल्लीत सगळे त्यांना काकाच म्हणत, हिंदी बोलणारेसुद्धा.

2006 च्या हिवाळ्यात मी काशीत हिंदीतून मराठीत अनुवादाची कामं करत होते. प्रकाशक पुण्याचे. पाठीमागे बंगाली टोला आणि पुढे गंगा अशा जागी वरच्या मजल्यावर एक खोली होती, भिंती हातभर जाडीच्या. उन्हाळ्यात ती खोली स्वर्ग होती. पौषात मात्र कोहरा पडला की दहा-दहा वाजेपर्यंत पलीकडचा तीर दिसायचा नाही आणि दगडातला गारठा दुपारपर्यंत हलायचा नाही. त्या वेळी काशीच्या गल्ल्यांवर विजेच्या तारांचं जाळं होतं, त्यावरून माकडं फिरत, आणि लाइट केव्हा जाईल याचा नेम नसे. म्हणून कॉम्प्युटरबरोबर यूपीएस घेतला होता. एरवी रात्री काम संपलं की कॉम्प्युटर बंद, यूपीएस बंद, भिंतीवरचं बटण बंद. आईनं लावलेली सवय.

डिसेंबरात दुखणं सुरू झालं. सकाळी बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घ्यायचा आणि थांबायचा. कधी तेवढंही नाही. पुन्हा पुन्हा दाबत राहिलं की केव्हातरी सुरू व्हायचा, आणि एकदा सुरू झाला की रात्रीपर्यंत तक्रार नाही. शहरातल्या एका दुकानात नेला. बंगाली टोल्यातून गोदौलियापर्यंत डबा हातात उचलून न्यायचा, तिथून रिक्षा. दुकानात दुपारच्या उन्हात तो पहिल्याच दाबाला सुरू झाला. तिथल्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. "दीदी, इसमें तो कुछ हुआ ही नहीं है." दुसऱ्या खेपेला त्यानं विंडोज पुन्हा घालून दिलं आणि तिसऱ्या खेपेला मदरबोर्ड बदला, नाहीतर मशीनच नवं घ्या, असा सल्ला दिला. नव्या मशीनचे पैसे माझ्याकडे नव्हते आणि आतल्या अर्ध्या पुस्तकाची मुदत संक्रांतीनंतर लगेच होती.

घरमालकीणबाईंनी काकांकडे पाठवलं. मराठी आहेत, रेडिओ दुरुस्त करतात, एवढंच त्या म्हणाल्या.

काका डिझेल रेल्वे इंजिन कारखान्याच्या विद्युत विभागातून निवृत्त झाले होते. मंडुवाडीहजवळचा हा तेव्हाचा डीएलडब्ल्यू कारखाना, जिथून 1964 मध्ये पहिलं डिझेल इंजिन बाहेर पडलं. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत ते कामाला लागले आणि सायकलवर जाऊन-येऊन नोकरी पूर्ण केली. घराणं नागपूरकडून आलेलं, तीन-चार पिढ्या काशीत. ज्यांच्या नावावरून घाटाचं नाव पडलं ते श्रीधर नारायण मुन्शी नागपूरच्या भोसल्यांच्या कारभारातले होते, असं ते अभिमानानं सांगत. शेजारच्या भागाला दरभंगा घाट म्हणतात, कारण 1915 मध्ये तिथला वाडा दरभंग्याच्या महाराजांनी घेतला. दुसऱ्या बाजूला अहिल्याबाईंचा घाट. "आपली माणसं इथे नुसती गंगेत बुडी मारायला नाही आली, दगड लावून गेली," हे त्यांचं वाक्य मी अनेकदा ऐकलं. त्यांची मराठी तशीच होती, मध्येच हिंदीचा हेल घेणारी आणि जुन्या घरातली.

मी डबा उचलून आणते म्हटलं तर ते नको म्हणाले. "इथे आणलास तर तो शहाण्यासारखा वागेल. मी येतो."

आले आणि स्क्रू ड्रायव्हर काढण्याआधी त्यांनी विचारलं, लिहिलेलं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवलं आहेस का? श्रीलिपीत टाइप केलेल्या त्या फाइली एकाच हार्ड डिस्कवर होत्या. त्या दिवशी मशीन सुरू झाल्या झाल्या सगळं लिखाण दोन सीडींवर उतरवलं, आणि एक सीडी त्यांनी आपल्या घरी नेली. दोन्ही एकाच घरात ठेवायच्या नाहीत, म्हणाले. मशीन मेलं तर बाजारात दुसरं मिळतं, तुझी पानं कुठल्या बाजारात मिळणार?

मग त्यांनी एक शाळकरी वही मागितली आणि पट्टीनं रकाने आखले. वेळ. थंडी किती वाटते. रात्री लाइट गेली होती का. यूपीएस रात्रभर चालू होता की बंद. बटण दाबल्यावर काय ऐकू आलं, काय दिसलं. कितव्या दाबाला सुरू झाला. "कधीमधी बिघडणारं मशीन मिस्त्रीसमोर बिघडत नाही. म्हणून तू माझ्या वतीनं बघायचं. रोज लिही, सुरू झाला तरी लिही." चालू झालेला दिवसही नोंदायचा, यावर त्यांचा फार भर होता. मी तक्रारीचे दिवसच लिहिले असते तर पुढचं काही कळलंच नसतं.

वही भरत होती तोवर ते संध्याकाळी येऊन एकेक शक्यता बाद करत गेले. पुढचं बटण खराब आहे का, हे पाहायला मदरबोर्डवरच्या त्या बटणाच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडल्या, तोच प्रकार. म्हणजे बटण निर्दोष. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं पुसले, कारण नदीकाठच्या दमट हवेत तिथे मळ धरतो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल तपासला. त्यावर सीआर2032 लिहिलेलं असतं आणि तो तीन व्होल्टचा असतो. मीटरवर तीनच्या जवळपास आला. हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्हच्या वायरी सोडवून पाहिल्या. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग खरं आहे की नुसतं तिसरं भोक आहे, तेही पाहिलं. नुसतं भोक होतं. त्याचा या बिघाडाशी संबंध निघाला नाही, तरी घरमालकीणबाईंच्या मागे लागून त्यांनी अर्थिंगची तार टाकून घेतली. वेळेला एकच गोष्ट बदलायची, दोन कधीच नाही. दोन बदलल्या आणि मशीन चाललं तर श्रेय कुणाला द्यायचं, असं विचारत.

वही त्यांनी घाटावर उन्हात बसून वाचली. बोट एका रकान्यावर थांबलं. ज्या रात्री मी उशिरापर्यंत लिहून यूपीएस चार्ज होण्यासाठी चालूच ठेवला होता, त्या प्रत्येक रात्रीनंतरच्या सकाळी कॉम्प्युटर पहिल्या दाबाला सुरू झाला होता. भिंतीवरचं बटण बंद असलेल्या थंड सकाळी नेमका अडला होता. एका अर्थी मशीन रोज खरं सांगत होतं. ते कुणी उतरवून घेतलं नव्हतं.

कारण त्यांनी मला पायरीवर बसवून समजावलं. कॉम्प्युटर बंद केला तरी त्याला वीज मिळत असेल तर आतल्या एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, एक छोटा भाग जागा असतो. तो पाच व्होल्टची बारीक धार सतत देत राहतो, म्हणूनच समोरचं हलकं बटण दाबताच एवढं यंत्र उठतं. तो भाग जागाच असेल तर प्रश्न नाही. पण भिंतीतून वीज बंद केली की तोही झोपतो, आणि सकाळी त्याला शून्यातून उठावं लागतं. त्या उठण्याला एक लहानसा कंडेन्सर लागतो. त्याच्या पोटात द्रव असतो. आतल्या उष्णतेनं वर्षानुवर्षं तो द्रव वाळत जातो आणि साठवण कमी होते. थंडीत त्याचा आतला अडथळा आणखी वाढतो. गरम झालं की तोच कंडेन्सर कसाबसा काम करतो. दुपारच्या दुकानात मशीन चाललं ते त्यामुळे.

हे सांगून ते थांबले असते तर मी मान्य केलंच असतं. त्यांना ते पुरेसं नव्हतं. "हा अंदाज झाला. आता सिद्ध करू." रात्री वीज तोडून, डबा उघडून तो माझ्या खोलीबाहेरच्या सज्जात ठेवला. सकाळी कोहऱ्यात काका मफलर गुंडाळून आले. बटण दाबलं, काही नाही. मग टेबल लॅम्पमध्ये शंभरचा पिवळा बल्ब लावून तो एसएमपीएसच्या झरोक्याशी टेकवला, त्यावर चादर आडोशाला धरली आणि आम्ही वाट पाहिली. तेवढ्यात काकूंनी गल्लीतून हाक मारून मटार घातलेले पोहे पाठवले, ज्याला तिकडे चूडा-मटर म्हणतात. अर्ध्या तासानं काका म्हणाले, दाब. पहिल्या दाबाला सुरू झाला. पुन्हा वीज तोडली, पुन्हा गार होऊ दिला, पुन्हा अडला. पुन्हा बल्ब, पुन्हा सुरू. त्या सकाळी मला इतका आनंद झाला की काय सांगू. खोटं न बोलताही खोटी ठरत होते, ते संपलं.

एसएमपीएस त्यांनी स्वतःच्या घरी उघडला आणि मला हात लावू दिला नाही. घरातली 230 व्होल्टची वीज आत सरळ केली जाते तेव्हा सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब होतो, आणि वायर काढल्यावरही तो मोठ्या कंडेन्सरमध्ये काही काळ साठून राहतो. त्यांनी एका बल्बच्या दोन तारा त्याला टेकवल्या. बल्ब क्षणभर उजळून विझला. नंतर मीटरनं शून्य पाहिलं आणि मगच काम सुरू केलं, तेही डावा हात पाठीमागे ठेवून, म्हणजे चुकून धक्का बसला तर तो छातीतून आरपार जाऊ नये. कारखान्यात पहिल्याच महिन्यात शिकवलेलं, म्हणाले.

तो लहान कंडेन्सर दिसायला धडधाकट होता. त्यावर 47 मायक्रोफॅरॅड छापलेलं. मीटरवर निम्मंही भरलं नाही. पलीकडे आणखी दोन कंडेन्सरांची डोकी फुगलेली होती. 2000 नंतरच्या काही वर्षांत तैवानमधल्या काही कंपन्यांच्या सदोष द्रवामुळे जगभर असे कंडेन्सर फुगले, फुटले आणि लाखो मदरबोर्ड वाया गेले. ती बातमी काकांना ठाऊक होती. दालमंडीतून त्यांनी नवे आणले, 85 अंशांचे नव्हे, 105 अंशांचे. क्षमता तेवढीच, व्होल्टेज कमी नाही, पट्ट्याची बाजू ऋण बाजूलाच. एक डाख त्यांनी मला द्यायला लावला.

डाख देता देता ते बाबुराव विष्णु पराडकरांबद्दल बोलत. पराडकर 1883 मध्ये काशीतच मराठी घरात जन्मले आणि 'आज' दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेचे आधारस्तंभ झाले. त्यांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर बंगालीत लिहीत. त्यांचं 'देशेर कथा' 1904 मध्ये आलं, आणि भाच्यानं ते हिंदीत नेलं. "मराठी माणसाचं बंगाली पुस्तक मराठी माणसानं हिंदीत केलं. तू हिंदीतून मराठीत आणतेस. येऊ दे, फेरा पुरा होऊ दे." माझ्या कामाला इतकी मोठी जागा त्याआधी कुणी दिली नव्हती. पुण्याहून अनुवादाच्या कामाबद्दल येणारी पत्रं मुदतीची असत.

पुस्तक वेळेत गेलं. पैसे किती म्हटल्यावर काका खरोखर दुखावले. कंडेन्सरचे सुटे पैसे घेतले, बाकी नाही. छापील प्रत आली तेव्हा तेवढी त्यांनी मागून घेतली आणि काकूंना रोज दोन पानं मोठ्यानं वाचून दाखवली. सीडी त्यांच्या कपाटात होती. मी काशी सोडताना त्यांनी ती कागदात गुंडाळून परत दिली. तो कॉम्प्युटर पुण्यात आणखी काही वर्षं चालला. काका आता नाहीत. काकू मुलाकडे गेल्या.

त्यांचं देणं फेडायची सोय नाही, म्हणून इथे निदान त्यांची रीत लिहून ठेवते. तुमच्या घरातला कॉम्प्युटर कधी सुरू होत असेल आणि कधी नसेल, तर आधी त्यातलं सगळं मोलाचं दुसरीकडे उतरवा आणि एक प्रत दुसऱ्या घरात ठेवा. आठवडाभर वही करा, चालू झालेल्या दिवसांसकट. वीज रात्रभर चालू ठेवल्यानं फरक पडतो का ते पाहा. पडत असेल तर एसएमपीएस बदलून घ्या. नवा काही शे रुपयांत मिळतो. तो स्वतः मात्र उघडू नका, वायर काढलेली असली तरी नाही. आणि तुम्ही स्वतः मिस्त्री असाल, तर दारात आलेली बाई "कधीकधी होतं" म्हणाली की तिला परत पाठवू नका. तिला वही आखून द्या.