एकशेवीस पानांचा दरबार

आजरा सोडून गाडी आंबोलीकडे निघाली की हवा पालटते. माथ्यावर धुकं, मग वळणांमागून वळणं, आणि घाट उतरला की अंगाला चिकटणारी तळकोकणची उबदार हवा. रस्त्याच्या कडेने जांभ्याचे गडगे सुरू होतात, काजूच्या बागा लागतात. फाल्गुनाच्या सुमारास आलेल्या प्रवाशाला पानं झडलेल्या काटेरी फांद्यांवर लालभडक फुलांचे तुरे दिसतात. तो पांगारा. कुंपणाला लावावा, त्यावर मिरीचा वेल चढवावा, एवढीच एरवी त्याची पत. घराच्या वाशाला तो चालत नाही, दाराच्या चौकटीला तर नाहीच. पण त्याचं लाकूड हलकं, पांढुरकं आणि इतकं मऊ असतं की पटाशीला अडवत नाही. सावंतवाडीचं नाव ज्या लाकडी आंब्या-काजूंनी महाराष्ट्रभर नेलं, ते याच लाकडातून निघाले.

गावाचं जुनं नाव सुंदरवाडी. सावंत-भोसल्यांचं हे संस्थान 1948 पर्यंत टिकलं. नकाशावर ते नेहमीच अडचणीच्या जागी होतं: एका बाजूला कोल्हापूर, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीजांचा गोवा आणि समोर समुद्र. आज घाटातून उतरणारी गाडी गावात शिरते ती मोती तलावाला वळसा घालून. 1874 साली बांधलेला हा तलाव गावाच्या अगदी मध्यावर आहे. एका काठाला बाजाराची वर्दळ, दुसऱ्या काठाला झाडीत राजवाडा. संध्याकाळी सगळं गाव तलावाच्या कठड्यावर येऊन बसतं.

बाहेरून आलेला माणूस आधी चितार आळीत जातो, आणि तेच बरोबर आहे. अरुंद रस्त्याला दुकानं लागून आहेत आणि दारातच रंगांची रास मांडलेली असते. वांगी, मिरच्या, केळ्यांची फणी, सोललेलं संत्रं, बी खाली लोंबणारं काजूचं बोंड. टोपलीतला आंबा खरा वाटून उचलावा आणि हाताला काहीच वजन लागू नये, हा अनुभव इथे प्रत्येकाला येतो. शेजारी भातुकली: चूल, जातं, पाटा-वरवंटा, बंब, उखळ-मुसळ. शहरातल्या किती मुलींनी उखळ पाहिलं ते आधी याच आकारात. "घेवा ताईनू, धुतलात तरी रंग जावचो नाय," असं दुकानदार सांगतो आणि चुलीवर चढवायचं इवलंसं भांडं पुढे करतो.

या रंगामागची जुनी रीत पाहण्यासारखी आहे. लाकडाचा तुकडा सांगाड्यावर चढवून फिरवायचा, पटाशीने त्याला आकार द्यायचा आणि तो फिरत असतानाच त्यावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरायची. घर्षणाने लाकूड तापतं, लाख वितळते आणि लाकडाभोवती पातळ थर धरते. मग केवड्याचं पान घेऊन त्याच फिरत्या लाकडावर दाबायचं. त्या चिवट पानाने लाख सगळीकडे सारखी पसरते आणि तिला काचेसारखी झळाळी येते. यात ब्रश नाही, वाळायची वाट पाहणं नाही. रंग लाकडाशी एकजीव होतो. कांडी किती जोराने दाबायची, किती वेळ, पान केव्हा लावायचं, हे हाताला कळायला वर्षं जातात. थोडा उशीर झाला की लाख करपते, घाई झाली की डाग पडतात.

आता आळीतल्या बऱ्याच मालावर तयार डब्यातला तेलरंग असतो. त्याचं काम झटपट होतं आणि भावही आवाक्यात राहतो. दोन्ही प्रकार शेजारी ठेवले की फरक डोळ्यांआधी बोटांना कळतो. तेलरंगावर बोट अडखळतं, लाखेवरून ते घसरत जातं. हे काम करणाऱ्या समाजाचं नाव चितारी. त्याच नावाचे लाखकाम करणारे कारागीर गोव्यात कुंकळ्ळीलाही आहेत. राज्यांच्या सीमा आखल्या जाण्याच्या कितीतरी आधीपासून हा हुन्नर तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवर नांदत आला आहे.

पण चितार आळीतली खेळणी ही या गावाच्या कारागिरीची अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी राजवाड्यात आहे.

राजवाडा जांभ्याचा. तळकोकणचा लाल, भोकाभोकांचा दगड, त्याच्या कमानी आणि ऐसपैस ओसऱ्या. तो बांधला तिसऱ्या खेम सावंतांनी. 1755 ते 1803 अशी जवळजवळ अर्ध्या शतकाची त्यांची कारकीर्द. 1763 साली त्यांचं लग्न जयाप्पा शिंद्यांच्या लेकीशी झालं. शिंद्यांच्या वजनामुळे दिल्लीच्या बादशहाकडून 'राजेबहादूर' हा किताब मिळाला आणि त्यावरून कोल्हापूरकरांशी वैर वाढलं. लढाया, खंडण्या, गेलेले आणि परत घेतलेले किल्ले यांनी तो काळ भरलेला आहे. आणि याच राजाच्या दरबारात तेलंगणातून आलेल्या विद्वान ब्राह्मणांनी गंजिफा आणला, असं सावंतवाडीत सांगतात.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. खेळ मुळात इराणकडून आला. बाबराने 1527 साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, तर अबुल फझलने 'आइन-ए-अकबरी'त अकबराच्या दरबारातल्या खेळाचं वर्णन केलं आहे. मोगली गंजिफात 8 रंग आणि 96 पानं. तो दक्षिणेकडे पसरत गेला तसे हिंदू चित्रकारांनी त्यातले तख्त-ताज, गुलाम बाजूला सारले आणि विष्णूचे अवतार आणून बसवले. दशावतारी गंजिफात 10 रंग, प्रत्येक रंगाची 12 पानं, एकूण 120. दर रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत साधी पानं. राजाच्या पानावर अवतार स्वतः विराजमान, प्रधान बहुधा घोड्यावर. साध्या पानांवर त्या त्या अवताराची खूण: मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू, कल्कीची तलवार. सप्पीच्या पानावर सात मासे पोहत असतात, आणि चांगल्या संचात त्या सातांतले दोन मासे एकसारखे सापडत नाहीत.

खेळाचे नियमही या पानांइतकेच देखणे आहेत. तिघांनी खेळायचं, प्रत्येकाला 40 पानं. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यांत उलटा क्रम आणि एक्का मोठा. दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती, त्याची उतारी. रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाची. राम भर दुपारी जन्मला आणि कृष्ण मध्यरात्री, हे माहीत असलेल्या घरात ही गोष्ट कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या रंगाचं पान मारणारा रंग इथे नसतो. कोणत्या रंगातली मोठी पानं उतरून गेली आणि आता त्यात सगळ्यांत मोठं कोणतं उरलं, हे दहाही रंगांचं ध्यानात ठेवायचं. दुपारच्या जेवणानंतर तीन डोकी यात बुडाली की दिवेलागणीपर्यंत वर यायची नाहीत.

एक पान करायला किती हात लागायचे ते पाहावं. जुन्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे आणि वाळवायचे. वर पांढऱ्या मातीचा लेप द्यायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटत राहायचं, पृष्ठभाग शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा होईपर्यंत. मग गोल कापायचं, जमिनीचा रंग द्यायचा आणि चित्र काढायचं. पाठीला लाखेचा थर, म्हणजे घामेजल्या हातातही पान मऊ पडत नाही. ठेवायला झाकणाची रंगीत लाकडी पेटी, तिच्यावरही अवतार. श्रीमंतांचा संच 'दरबारी कलम', त्यात हस्तिदंताची नाहीतर कासवाच्या पाठीची पानंसुद्धा असत. सर्वसामान्यांचा तो 'बाजार कलम'. म्हणजे खेळ वाड्यापुरता नव्हता. चितारी दोघांसाठीही पानं करत होते आणि बाजारातल्या गिऱ्हाइकावरच त्यांचं पोट चालत होतं.

हेच गिऱ्हाईक आधी गेलं. विलायती छापील पत्ते आले. 52 पानं, चौकोनी, स्वस्त, खिशात मावणारी. भिजली तर फेकून दुसरी आणावीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गंजिफा खेळणारी घरं विरळ झाली होती आणि संस्थान विलीन झाल्यावर दरबारचा आधारही उरला नाही. सावंतवाडीत पूर्ण संच रंगवता येणारे म्हणून नाव घेतलं जाई ते पुंडलिक चितारी यांचं, आणि ते वयाने थकलेले होते.

इथे या गावाची गोष्ट इतर अनेक गावांपेक्षा वेगळं वळण घेते. राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारींकडून ही कला शिकून घेतली. त्यांनी नुसता आश्रय दिला नाही, स्वतः कुंचला हातात धरला. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' सुरू झालं. दरबार हॉलमध्ये चित्रकार बसू लागले आणि घराण्याचा पेशा नसलेली गावातली मुलंमुलीही शिकू लागली. त्याच काळात मुंबईत राहिलेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन देशभरातले गंजिफा गोळा करून त्यांचा अभ्यास करत होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने 1982 मध्ये त्यांचं गंजिफावरचं पुस्तक काढलं आणि जगाचं लक्ष या गोल पानांकडे वळलं. शिवरामराजे 1995 मध्ये गेले, सत्त्वशीलादेवी 2018 मध्ये. काम थांबलेलं नाही.

जुन्या कारागिरीबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. संग्रहालयाच्या काचेपुढे उभं राहून 'आता असं कुठे' म्हणणं सोपं असतं. राजाने प्रजेतल्या कारागिराला गुरू करून त्याच्याकडे शिकायला बसणं सोपं नव्हतं. आणि ते वेळेवर झालं, म्हातारा हात चालत होता तोवर झालं. दहा वर्षं उशीर झाला असता तर आज सावंतवाडीचा गंजिफाही फक्त काचेमागे दिसला असता.

आजही दरबार हॉलमध्ये झुंबरांखाली चित्रकार काम करताना दिसतात. जवळ उभं राहिलं तर एक गोष्ट लक्षात येते: कुंचला जागचा फारसा हलत नाही, डाव्या हाताच्या बोटांत धरलेलं पान फिरत राहतं. गोल पानाची किनार अशीच काढायची असते. आधी सपाट रंग, मग आकृती, आणि अगदी शेवटी काळ्या रेघेने डोळे, बोटं, दागिन्यांचे मणी. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत नरसिंहाच्या मांडीवर आडवा हिरण्यकशिपू मावतो आणि त्याच्या चेहऱ्यावरची भीती ओळखू येते. कापडाच्या जागी आता जाड कागद आला आहे आणि रंगही बाजारातले आहेत. पण आखणी जुनी आहे, हाताचा वेग जुना आहे. अलीकडे या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालं. बिष्णुपूर, म्हैसूर आणि ओडिशातही ही कला तग धरून आहे, पण प्रत्येक ठिकाणची ढब निराळी. सावंतवाडीचं पान लांबूनही ओळखता येतं.

एक रुखरुख मात्र राहते. या दालनातून बाहेर पडणारे संच बहुतेक चौकटीत बसतात, भिंतीवर लागतात, भेट म्हणून दिले जातात. खेळतं कोण? गावात चौकशी केली तर पानांचं कौतुक सगळे करतात, पण डाव मांडता येणारा माणूस मिळत नाही.

आणि याच मुलखात हेच दहा अवतार दुसऱ्या रूपात धडधाकट आहेत. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की गावोगावच्या देवळांपुढे दशावतारी नाटक रात्रभर रंगतं. लिहिलेली संहिता नाही, नेपथ्य नाही. एक बाक, मृदंग, पायपेटी, झांज आणि अंगावरच्या रंगाने राजा झालेला शेतकरी. माणसं मांडी घालून पहाटेपर्यंत बघतात, संवादाला दाद देतात, चुकलं तर ओरडतात. दशावतार टिकला तो या प्रेक्षकांमुळे. भातुकलीही अशीच टिकली, मुलं तिच्याशी खेळत राहिली म्हणून. गंजिफाचं चित्र वाचलं, डाव वाचवायचा राहिला. तो लिखित स्वरूपात उपलब्ध आहे आणि शिकायला अवघडही नाही. इथल्या एखाद्या शाळेने मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना तो शिकवला, राजवाड्यात मुक्कामाला येणाऱ्यांपुढे संध्याकाळी एक साधा संच मांडला, तर चितार आळीतल्या कारागिरांना पुन्हा 'बाजार कलम' काढावं लागेल. कमी नक्षीचं, घोटलेलं, लाख लावलेलं, हाताळून झिजलं तरी चालेल असं.

स्टेशन गावापासून दूर, मळगावला आहे. रिक्षा तलावाला वळसा घालून निघते तेव्हा चितार आळीतली दुकानं अजून उघडी असतात. कोकण रेल्वेच्या डब्यात शेजारच्या बाकावर चौकोनी पत्त्यांचा डाव पडलेला असतो, चौघेजण तावातावाने भांडत असतात. पुढचं मोठं स्टेशन थिवी, म्हणजे गोवा. मडगावला उतरून पुढे कुंकळ्ळीला जाणाऱ्याला लाखेचे रंगीत पाट आणि पाळणे करणारे चितारी तिथेही भेटतील.