जुनी सायकल म्हणजे नेमकी किती जुनी? बीडच्या रस्त्यांवरचा एक प्रश्न (थ्रेड)

जगभरचे सायकलसंग्राहक रस्त्यावरच्या सायकलींच्या तीन पिढ्या मानतात : अँटिक, व्हिंटेज आणि आधुनिक. लिलावाच्या याद्या, संग्रहालयांतील पाट्या, हौशी मंडळींचे वाद, सारे याच तीन कप्प्यांत चालते. बीड जिल्ह्यात मात्र ही विभागणी पहिल्याच वळणावर कोलमडते. येथे १९३० च्या आराखड्याची सायकल विसाव्या शतकाच्या अखेरीस दुकानातून कोरी करकरीत घेतलेली असू शकते. तिला कोणत्या कप्प्यात ठेवायचे?

आधी कायदा पाहू. भारतात १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार एखादी वस्तू ‘पुरावशेष’ ठरण्यासाठी ती किमान १०० वर्षे जुनी असावी लागते. (हस्तलिखितांना ७५ वर्षांची सवलत आहे.) हाच निकष सायकलीला लावला, तर १९२५ च्या आसपासची किंवा त्याआधीची सायकलच अँटिक म्हणवेल. व्हिंटेजला कायद्याची व्याख्या नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळापासून साधारण १९८० च्या दशकापर्यंतच्या, पोलादी नळ्यांच्या आणि हाताने जोडलेल्या सायकलींना हौशी लोक व्हिंटेज म्हणतात. त्यानंतरचे सारे आधुनिक.

अँटिक पर्वाची कथा अनेकांना ठाऊक असेल. १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल ड्राईसने पायडल नसलेले, पायांनी जमिनीला रेटा देत पळवायचे दुचाकी यंत्र बनवले. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल आले. १८७० च्या दशकात ते चाक माणसाच्या छातीएवढे उंच झाले, कारण चाक मोठे तितके एका फेरीत अंतर जास्त. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीच्या ‘रोव्हर’ने दोन्ही चाके जवळजवळ सारखी केली आणि मागच्या चाकाला साखळीने गती दिली. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आजची प्रत्येक सायकल या दोन घटनांची संतती आहे.

त्याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे छोटे दुकान काढले. पुढे नांगर आणि पंप बनवणाऱ्या उद्योगसमूहाची सुरुवात सायकलविक्रीने झाली, हे मराठी वाचकाला माहीत असते. डनलॉपचे पेटंट आणि बेळगावचे दुकान यांचे साल एकच आहे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. सायकलचे तंत्र जेमतेम स्थिरावत असतानाच ती मराठी मुलखात विक्रीला आली होती.

बीडची वाट निराळी. हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पश्चिमेला अहमदनगर म्हणजे ब्रिटिश हद्द. पलीकडे कलदार रुपया चाले, अलीकडे हाली सिक्का, आणि मध्ये ‘करोडगिरी’ नावाचे संस्थानी जकात खाते. इंग्लंडहून मुंबईच्या धक्क्यावर उतरलेली रॅले किंवा हर्क्युलस नगरमार्गे आष्टी-पाटोद्याकडे आणायची, तर तिला राज्याची हद्द, जकातीचा नाका आणि चलनबदल असे तिन्ही ओलांडावे लागत.

शिवाय आगगाडीही नव्हती. मनमाड-हैदराबाद मार्ग औरंगाबाद, जालना, परभणीवरून निघून गेला. जिल्ह्यात परळीला रेल्वे पोहोचली, पण बीड शहरातून प्रवासी गाडी सुटायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली खरी, पण संस्थानाचा विस्तार पाहता हा आकडा किती तोकडा होता हे सांगायला नको. अशा प्रदेशात बैलगाडीच्या पुढची आणि मोटारीच्या अलीकडची जी मोठी पोकळी होती, ती सायकलीने भरली.

ती भरणारी सायकल म्हणजे इंग्लिश रोडस्टर. काळी, उंच, २८ इंची चाकांची, चामडी सीटची. तिच्याकडे आज ‘साधी सायकल’ म्हणून पाहिले जाते, आणि हा तिच्यावर अन्याय आहे. रोडस्टर हे वाईट रस्त्यांसाठी पूर्ण विचारांती घडवलेले यंत्र होते.

तिचा पुढचा चिमटा पाहावा. आधुनिक रेसिंग सायकलीत हँडलखालची नळी जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करते, रोडस्टरमध्ये तो ६७-६८ अंशांपर्यंत खाली येतो. चिमटा पुढे झुकलेला आणि दोन चाकांमधले अंतर लांब. त्यामुळे खड्ड्याचा दणका थेट मनगटात न जाता वाटेत विरतो. टायर सुमारे ४० मिलिमीटर रुंद. ब्रेकला केबल नाही, लोखंडी सळया. सळईला गंज चढेल, ती वाकेल, पण तुटणार नाही, आणि वाकली तर लोहारही ती सरळ करू शकेल. ज्या जिल्ह्यात सुटे भाग मिळायचे ठिकाण एका दिवसाच्या अंतरावर, तेथे हा फार मोठा गुण होता.

तिचे दोषही त्याच रस्त्यावर उघडे पडत. सळईचे ब्रेक रिमच्या आतल्या कडेला घासतात. पावसात रिम ओली झाली की ते नावापुरते उरतात. गोदाकाठच्या गेवराई-माजलगाव पट्ट्यातील काळ्या जमिनीचा चिखल चाक आणि मडगार्ड यांच्या मध्ये असा गच्च बसतो की चाक फिरायचेच थांबते. मग खाली उतरायचे, काडीने चिखल उकरायचा, दहा पावले जायचे, पुन्हा उतरायचे. शेवटी सायकल खांद्यावर. वीस किलोंच्या आसपास वजनाचे हे वाहन पावसाळ्यात अनेकदा स्वतःच स्वार होत असे.

आणि घाट. बालाघाटाच्या रांगा जिल्ह्याचे सरळ दोन भाग करतात. मांजरसुंब्याचा चढ असो वा धारूरचा, रोडस्टरला एकच गिअर. पुढे ४४ दात, मागे १८. पायडलची एक पूर्ण फेरी म्हणजे सुमारे साडेपाच मीटर पुढे. सपाटीवर हे प्रमाण उत्तम. चढावर ते कोणाच्याही मांड्यांना पेलणारे नाही. म्हणून घाटात सायकल हातात धरून चालणे हा प्रवासाचा नेहमीचा भाग होता.

याच अडचणीतून युरोपात सायकलीची दुसरी शाखा फुटली. १९०३ मध्ये सुरू झालेल्या टूर दि फ्रान्स शर्यतीत साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर उडवणाऱ्या गिअरला १९३७ पर्यंत परवानगीच नव्हती. ती मिळाल्यावर शर्यतीची सायकल झपाट्याने बदलली. इंग्लंडमध्ये १९३५ पासून रेनॉल्ड्सच्या ‘५३१’ या हलक्या पण चिवट पोलादी नळ्या मिळू लागल्या. इटलीच्या कॅम्पान्योलोने गिअर आणि चाक झटपट काढण्याची कळ यांना अचूकपणा दिला. १९८६ मध्ये ग्रेग लेमाँड कार्बन फायबरच्या सायकलीवर टूर जिंकला. १९९० मध्ये शिमानोने गिअरची कळ ब्रेकच्या दांडीतच बसवली आणि हँडलवरचा हात काढायची गरज संपली. पुढे सायकली इतक्या हलक्या होऊ लागल्या की जागतिक संघटनेला शर्यतीच्या सायकलीसाठी ६.८ किलोंची किमान मर्यादा घालावी लागली.

मांजरसुंब्याच्या चढावर हा फरक मोजता येतो. आजच्या रोड बाइकच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये पायडलची एक फेरी जेमतेम दोन मीटर नेते आणि सर्वांत जड गिअरमध्ये साडेनऊ मीटर. रोडस्टरचे साडेपाच मीटर या दोहोंच्या मधोमध कोठेतरी पडतात. धुळे-सोलापूर महामार्गावर आज भल्या पहाटे हेल्मेट घालून निघणारा स्वार जो घाट बसल्या जागी चढतो, तोच घाट त्याच्या आजोबांनी सायकल ढकलत पार केला असेल. नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, ती या दुसऱ्या शाखेच्या यंत्रांवर.

मात्र युरोपात रोडस्टर मागे पडली, तेव्हा ती भारतात नव्याने जन्म घेत होती, आणि वर्गीकरणाचा सारा घोळ येथे आहे. १९३८-३९ च्या सुमारास कोलकाता, पाटणा आणि मुंबईत देशी सायकलींचे प्रयत्न सुरू झाले होते. स्वातंत्र्यानंतर मद्रासमध्ये टीआय सायकल्स (१९४९), सोनीपतला ॲटलस (१९५१), आसनसोलला सेन-रॅले (१९५२), लुधियान्यात हीरो (१९५६) उभे राहिले. सेन-रॅले तर नॉटिंगहॅमच्या रॅलेच्याच भागीदारीतून उभी राहिलेली. आराखडा तोच राहिला. कोठे मधली दांडी एकाऐवजी दोन झाली, कॅरिअर भक्कम झाले, स्टँड जाड झाला. कारण येथे सायकलीवर माणसाखेरीज दुधाचे कॅन, धान्याचे पोते आणि डबलसीट पाहुणाही बसणार होता. १९८६ मध्ये हीरो जगातील सर्वांत मोठा सायकल उत्पादक ठरला. इंग्लंडमध्ये संग्रहालयात जाऊ लागलेले यंत्र पंजाबात तेव्हा लाखोंच्या संख्येने तयार होत होते.

म्हणून बीडमधील १९८५ ची ॲटलस ही तारखेने उत्तर-व्हिंटेज, आराखड्याने जवळजवळ अँटिक आणि वापराने त्या दिवसापुरती आधुनिक होती. संग्राहकांची कालरेषा युरोपातील शर्यतींच्या इतिहासावर आखलेली आहे. ती येथे लावली की या सायकली ‘मागासलेल्या’ दिसतात. रस्ता, लोहार आणि ओझे यांच्या बाजूने पाहिले, तर त्या अगदी वेळेवर होत्या.

दोन्ही शाखांचे नातेही पूर्ण तुटलेले नाही. शिक्षकाच्या काळ्या सायकलीची साखळी आणि लाखो रुपयांच्या कार्बन सायकलीची साखळी शेजारी ठेवावी. रुंदी वेगळी, पोलाद वेगळे, पण एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर दोन्हींत अर्धा इंच. गंमत म्हणजे गेल्या काही वर्षांत रोड बाइकचे २३ मिलिमीटरचे टायर २८-३२ पर्यंत रुंद झाले. खडीच्या रस्त्यांसाठी ‘ग्रॅव्हल’ सायकली आल्या, त्यांत ४० मिलिमीटरचे टायर, लांब बैठक आणि जरा झुकलेला चिमटा. ही वर्णने रोडस्टरच्या जुन्या जाहिरातीतही शोभली असती.

सायकलीवर कोण बसले, हा प्रश्न तंत्रापेक्षा कमी महत्त्वाचा नाही. सुरुवातीला ती अंमलदार, वकील, सावकाराच्या घरची वस्तू. मग शिक्षक, पोस्टमन, दूधवाला. एका पिढीत घड्याळ, रेडिओ आणि सायकल हे हुंड्याच्या यादीतले ठरलेले त्रिकूट होते. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांच्यासाठी तासावर भाड्याची सायकल. पाय न पोहोचणारी मुले दांडीखालून पाय घालून ‘हाफ पायडल’ मारत शिकत. मुलींचा प्रवेश सर्वांत उशिरा झाला. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी साहाय्य मिळू लागले. खेड्यांतील शाळकरी मुली चालवतात ती बहुधा ‘लेडीज’ सायकल, खाली वाकवलेल्या नळीची. ती नळी मुळात एकोणिसाव्या शतकातील युरोपीय स्त्रियांच्या घेरदार झग्यासाठी वाकवली गेली. सलवार-कमीजच्या गणवेशाला तिची काहीच गरज नाही, तरी ती टिकून आहे.

आता यातील काय उरणार? पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकलींचे संग्रहालय आहे, आणि ज्याला हा विषय आवडतो त्याने ते पाहायलाच हवे. परंतु एकूण सायकलसंग्रहाचा कल विलायती नावांकडे असतो. नॉटिंगहॅमची रॅले कोणी ना कोणी जपेल. सोनीपतची ॲटलस कोण जपणार? ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद झाला. तिच्या सायकली गावोगावच्या गोठ्यांत, पत्र्याखाली उभ्या आहेत आणि एकेक करून भंगारवाल्याच्या काट्यावर जात आहेत. तेथे भाव किलोचा असतो. १९२० ची बीएसए आणि १९९० ची हीरो यांत काटा फरक करत नाही, आणि बीडच्या बाबतीत तर दोन्हींचा नाश सारखाच नुकसानीचा आहे. गावचा शिक्षक कोणत्या शाळेवर जाई, दूध किती दूर जाई, याचा पुरावा दप्तरात क्वचित सापडतो. सायकलीच्या झिजलेल्या भागांवर तो असतो.

तेव्हा घरातली सायकल विकायला निघाली असेल, तर ती आधी उलटी करून ठेवावी. पायडलच्या कण्याखाली किंवा सीटच्या सांध्यापाशी ठोकलेला क्रमांक लिहून घ्यावा. मागच्या चाकाच्या मध्यभागी स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब निघाला, तर बहुधा त्यावरच महिना आणि साल कोरलेले सापडेल. हँडलवर नगरपालिकेचा पितळी बिल्ला आहे का पाहावे. चेनकव्हरवरचा रंग पुसून न काढता त्याचा तिरप्या उजेडात फोटो घ्यावा. तेथे मालकाचे नाव आणि गाव रंगवलेले असते. कॅरिअरच्या पट्ट्या कोणत्या बाजूने वाकल्या आहेत, दांडीवर लहान मुलासाठी बसवलेल्या सीटच्या खुणा आहेत का, हेही टिपावे. आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारावे : ही कोठून आणली, कितीला, आणि पहिल्या दिवशी कोण चालवत आले?