अप्पा 'ठाण्याला पाठवा' का म्हणायचे

डोंबिवली पूर्व

चि. सायली,

तुमच्या ऑफिसात कुणी भडकला की 'पोस्टल झाला' म्हणतात, हे वाचलं. अप्पा कुणाचं डोकं सटकलं की "ह्याला ठाण्याला पाठवा" म्हणायचे. ठाणंच का, असं विचारलंस, ते सांगते.

ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. राज्यात अशी सरकारी प्रादेशिक रुग्णालयं चारच: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. म्हणून पुणेकर येरवड्याचं नाव घेतात, आपण ठाण्याचं. आणि ते पाठवणं खरंखुरं असायचं. १९१२च्या कायद्यात पोलीस माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे नेत, हुकूम निघाला की भरती. कित्येकांना घरी न्यायला पुढे कुणी फिरकलंच नाही. घराघरांत धाक बसला तो त्याचाच, असं मला वाटतं.

शेजारच्या काकूंना रात्र रात्र झोप नव्हती. भांडं आपटलं तरी सुनेच्या अंगावर धावायच्या, मग तासभर रडायच्या. मी त्यांना ठाण्याच्या त्या रुग्णालयाच्या ओपीडीत घेऊन गेले. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला त्यांनी रुग्णालयाचं नाव सांगू दिलं नाही, जवळच्या कॉलेजचं सांगायला लावलं. केसपेपर काढताना माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "घरी सोडतील ना गं?" डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि दुपारच्या लोकलने आम्ही घरी. त्या एका वाक्याच्या भीतीने बाईने वर्षभर दुखणं अंगावर काढलं. याचा मला अजून संताप येतो.

त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. तिथे लोक आपल्या पायांनी जातात. २०१७च्या कायद्याने तर चारचौघांच्या रीतीत बसत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवायला मनाई केली.

तुमच्या 'पोस्टल'मागेही मोठं दुःख आहे. १९८६ साली ओक्लाहोमातल्या एडमंडच्या पोस्टात एका कर्मचाऱ्याने १४ सहकाऱ्यांचा जीव घेतला. पुढेही तसे प्रकार घडले आणि अशा भडकण्याला टपालखात्याचंच नाव चिकटलं. तिथे इमानाने पत्रं वाटणाऱ्यांना ते किती टोचत असेल!

मीटिंगनंतर जिन्यात जाऊन रडलीस, असं ओझरतं लिहिलंस. पुन्हा तसं झालं तर तुझ्या तिथल्या एखाद्या समुपदेशकाची वेळ घे. आणि रविवारी मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझी,
मावशी