राखणीला चल!

शुक्रवारी संध्याकाळी मित्राचा फोन आला. 'वीकेंडला काय करतोयस?'
'काही नाही यार, झोपणार.'
'मग झोपूच नकोस. गावाला चल, खेडला. भातात डुकरं घुसतायत. रात्री बंदूक घेऊन बसायचंय.'

बंदूक म्हटल्यावर झोप उडालीच! अर्ध्या तासात सॅक भरून तयार.

आमची दोस्तीच मुळात बंदुकीमुळे झालेली. कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट टू-टू रायफल मिळायची. पोटावर झोपायचं, श्वास रोखायचा, पाच गोळ्या झाडायच्या आणि मग धावत जाऊन टार्गेट बघायचं. त्याची पाचही भोकं जवळजवळ यायची. माझी... जाऊ दे! २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हा या पठ्ठ्याने पहिला फोन मला केला होता. 'आपलीच रायफल रे! पॉइंट टू-टू!' पदक त्याचं, पण कॉलर आमची ताठ.

त्यात यूट्यूबने डोकं फिरवलेलं. अमेरिकेतल्या कुरणांत बिळं करणाऱ्या प्रेअरी डॉग नावाच्या खारीसारख्या प्राण्यांना लोक वीकेंडला जाऊन छोट्या रायफलींनी लांबून टिपतात. याला म्हणतात 'वार्मिंट हंटिंग', म्हणजे उपद्रवी जनावरांची शिकार. फोल्डिंग खुर्ची, थर्मासमध्ये कॉफी, शेजारी दोस्त. आपण खेडला असंच काहीतरी करणार, अशी माझी सॉलिड समजूत होती.

रात्रीची कोकणकन्या पकडली. खेड स्टेशनवर उतरलो तेव्हा अजून अंधार होता. रिक्षाने भरणे नाक्याला आलो, कटिंग मारला आणि उजाडता उजाडता रसाळगडाच्या अंगाला असलेल्या त्याच्या वाडीत पोचलो. दसरा नुकताच झालेला. भात पिवळं पडायला लागलेलं, वर सह्याद्रीची भिंत, खाली धुकं. मोबाइलवर चार फोटो काढून मी लगेच स्टेटस टाकला, 'हेवन!'

मग मित्राने शेताच्या वरच्या कडेला नेलं आणि माझं हेवन तिथेच संपलं. एक अख्खं खाचर लोळवलेलं. कोणीतरी रोलर फिरवावा तसं. ओंब्या चिखलात, बांध उकरलेला. 'एका रात्रीचं काम,' तो म्हणाला. 'बाबांना ताप होता. एकच रात्र राखणीला गेले नाहीत.'

राखण! हा शब्द मी लहानपणी आजीकडून ऐकला होता. कोकणात पीक तयार व्हायला आलं की शेतात रात्रभर जागायचं. चार वाशांवर उभारलेला माळा, वर पेंढा, खाली शेकोटी, हातात पत्र्याचा डबा. दिवसा वानर आणि माकडं, रात्री डुक्कर. जुन्या साड्यांचं कुंपण, बुजगावणं, फटाके... सगळे उपाय करून झालेले. 'चार दिवस घाबरतात,' काका म्हणाले, 'मंग साडीचा रंगबी वळखायला लागतात.'

दुपारी कुळथाची पिठी आणि भाकरी खाऊन झाल्यावर काकांनी बंदूक काढली. मी आपला सावरून बसलो. वाटलं होतं चकचकीत रायफल असेल. निघाली एकनळी बारा बोअर, दस्त्याला तार गुंडाळलेली. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. कोकणात अशा बंदुका बऱ्याच घरांत आहेत, काही तर अजून ठासणीच्या. निवडणूक लागली की आचारसंहितेत त्या पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ येते. 'मतदान पोलीस सांभाळतात,' काका म्हणाले, 'भात कोन सांभाळनार?'

मी विचारलं, 'काका, पॉइंट टू-टू का नाही घेतली? नेम मस्त लागतो.'

ते हसले. मग जे सांगितलं, ते आम्हाला एनसीसीत कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं असेल, पण आम्ही ऐकलं नव्हतं. पॉइंट टू-टूची गोळी अडीच-तीन ग्रॅमची. कागदाला भोक पाडायला उत्तम. पण शंभर किलोच्या डुकराला ती लागली तर ते मरत नाही, जखमी होऊन जाळीत शिरतं. मग सकाळी गवताला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं. आणि नेम चुकला तर? हीच एवढीशी गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. खाली वाडी आहे. छर्रे निदान लवकर दमतात.

'आणि मारायचंच कशाला?' काका म्हणाले. 'माझ्या बंदुकीचं काम आवाज करायचं हाय.'

मित्राला हे पटत नव्हतं. दोघांचा हा जुना वाद असावा, कारण काकू शांतपणे सुपारी कातरत बसल्या होत्या. मित्राचं म्हणणं, दोन-चार डुकरं मारल्याशिवाय बाकीची हटणार नाहीत. काकांचं म्हणणं, कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. पीक खाणाऱ्या डुकराला मारायचं तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते. मारलेलं जनावर सरकारचं, त्याचं मटण घरी आणलं तर गुन्हा. पूर्वी या कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक यादी होती. त्यात कोण? कावळा, वटवाघूळ, उंदीर! २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीही गेली. केंद्र सरकार एखाद्या राज्यापुरतं, ठरावीक काळासाठी एखाद्या प्राण्याला उपद्रवी जाहीर करू शकतं. २०१५-१६ मध्ये बिहारात नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकड अशी नावं जाहीर झाली होती.

योगायोग बघा, जवळच दापोलीला असलेलं कोकण कृषी विद्यापीठही १९७२ चंच. पीक वाढवणारं विद्यापीठ आणि जनावर वाचवणारा कायदा एकाच वयाचे. दोन्ही हवेत. पण दोघांच्या मधे जो बांध आहे, त्यावर रात्री काका बसतात. वय एकोणसत्तर.

'काही लोक फासकी लावतात,' काका आवाज खाली आणून म्हणाले. फासकी म्हणजे तारेचा फास. तो डुकरासाठी लावलेला, पण तारेला डोळे नसतात, कधी त्यात बिबट्या अडकतो. कोणी पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतं. तो गाईनेही खाल्ला तर? 'रात्री घरी झोपायचं असंल तर ह्येच्याशिवाय उपाय नाय. मी जागतो. सोपं हाय.'

रात्री नऊला आम्ही माळ्यावर चढलो. काकांच्या मांडीवर बंदूक, मित्राच्या हातात मोठी बॅटरी, माझ्या हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी. एनसीसीच्या 'सी' सर्टिफिकेटवाल्याला डबा! फोल्डिंग खुर्ची नव्हती, कॉफी नव्हती. डास भरपूर होते. मोबाइलला रेंज नाही. दर अर्ध्या तासाने मी डबा बडवायचो. लांबून दुसऱ्या शेतातून उत्तर यायचं, टण्ण टण्ण. 'पूर्वी पंधरा माळे असायचे,' काका म्हणाले. 'रातभर गप्पा चालायच्या ह्या डोंगरापास्नं त्या डोंगरापर्यंत. आता दोन. त्यो आनि मी.'

एकच्या सुमाराला भात सळसळलं. बॅटरी लागली. सहा-सात काळ्या पाठी, मागे पिल्लं. काकांनी नळी आभाळाकडे केली आणि बार काढला. कानठळ्या बसल्या. दरी दोनदा गडगडली आणि कळप जाळीत पळाला. पण जाता जाता अर्धं खाचर तुडवूनच.

मित्र खाली उतरून बघून आला. चिखलाने माखलेला. काही बोलला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा राग मी कॉलेजातही कधी पाहिला नव्हता.

वीस मिनिटांनी वरच्या बांधाजवळ पुन्हा सळसळ. या वेळी अगदी जवळ. भात हलताना दिसत होतं, काळं काहीतरी खाली वाकलेलं. मित्र काकांच्या कानात कुजबुजला, 'बाबा, परत आली. एकटंच आहे. आता आभाळात नको. मारा!'

खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. मारा!

काका जागचे हलले नाहीत. 'बॅटरी मार पयली.'

'पळेल ते!'

'मार म्हन्तो ना.'

प्रकाश पडला. शेजारच्या शेतातले आजोबा होते. डोक्यावर काळी घोंगडी, वाकून साड्यांचं पडलेलं कुंपण बांधत होते. 'आरं, डोळ्यात नको मारूस! बार ऐकला, म्हटलं कुंपन पाडलं असंल ह्येनी, तर आलो.'

आजोबा वर आले, शेकोटीशी बसले, तंबाखू मळली. काका त्यांच्याशी पावसाचं बोलत राहिले. काही घडलंच नाही, असं. मित्र मात्र पहाटेपर्यंत बोलला नाही. बॅटरी दोन्ही हातांत धरून बसला होता. शिकारीला गेलेल्याने सोबत्यालाच जनावर समजून गोळी घातली, अशा बातम्या कोकणातून अधूनमधून येतात. आपण त्या चहा पिताना वाचतो आणि 'कसले येडे लोक!' म्हणून पान उलटतो. त्या रात्री ती बातमी आणि आमच्यामध्ये फक्त एका म्हाताऱ्या माणसाची सवय उभी होती. आधी उजेड, मग बार.

सकाळी अंगणात मित्राने विषय काढला. परवाना नूतनीकरणाला आलाय, काकांचे डोळे अधू होतायत. 'बाबा, माझ्या नावावर करून घेऊ?'

काकांनी नळीत तेलाचं फडकं घातलं. 'करू की. पन तू ठान्याला. बंदूक हितं खुंटीला. डुकराला कागद दाखवू?'

कोणीच हसलं नाही.

परतीच्या वाटेवर मला दिसायला लागलं, येताना धुक्यात जे दिसलं नव्हतं ते. एक शेत पिकलेलं, शेजारची तीन पड. त्यात माणसाच्या उंचीचं रान. डुकरं जंगलातून उतरत नाहीत, या पडीक खाचरांतच राहतात. ही खाचरं कुणाची? मुंबई, ठाणे, पुण्यातल्या कुणाकुणाची. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी गावचा सातबारा कपाटात आहे? आमच्याही आहे. आपल्याला डुकराचा राग येतो, पण ते आपल्याच रिकाम्या जागेत राहायला आलंय. भाडेकरू म्हणा ना!

ट्रेनमध्ये पेण गेल्यावर मित्राने लॅपटॉप उघडला. वाटलं, रविवारीसुद्धा ऑफिस. डोकावून बघितलं तर रजेचा अर्ज होता. कापणीपर्यंतचे आठ दिवस. कारणाच्या रकान्यात त्याने आधी 'फॅमिली इमर्जन्सी' टाइप केलं. थोडा वेळ बघत बसला. मग ते खोडलं आणि लिहिलं, 'राखण'.

एचआरला काय कळणार, कुणास ठाऊक. मी विचारलं, 'डबा वाजवायला कोणी लागेल का?'

तुम्हीही जाणार असाल तर...

मुंबईहून खेड साधारण सव्वादोनशे किलोमीटर. कोकण रेल्वेची कोकणकन्या आणि मांडवी दोन्ही खेडला थांबतात. गावातली बौद्ध लेणी आणि रसाळगड चुकवू नका. जगबुडी नदीत मगरी आहेत, तेव्हा पुलावरूनच बघा. गावात मित्र असेल तर राखणीला जरूर बसा. पण बंदूक मागू नका. ती ज्याच्या परवान्यावर आहे त्याच्याच हातात शोभते. आणि काही एअरगनना परवाना लागत नाही म्हणून पाखरांवर हात साफ करू नका, तो गुन्हाच आहे. सोबत मोठी बॅटरी न्या. कामाची वस्तू तीच आहे.