माझी एक्स्पायरी डेट

ब्रेडच्या पुड्यावर असते, क्रोसिनच्या स्ट्रिपवर असते, तशी एक्स्पायरी डेट कॅनडात माझ्यावरही होती. ११ मार्च २०२४. पुण्यात आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आईने त्या चौकटीत लाल पेनाने ‘परमिट’ असं लिहून ठेवलं होतं. महाशिवरात्रीनंतर बरोबर तीन दिवसांनी. उपास सुटतोय तोवर लेकीचं टेन्शन सुरू!

थोडं मागे जाऊ. पुण्यात मास कॉमची डिग्री, मग दोन वर्षं डेस्कवर बातम्यांची भाषांतरं, आणि मग बॅचमधल्या निम्म्या जणांना चावतो तो परदेशाचा किडा मलाही चावला. २०२० मध्ये टोरांटोच्या एका कॉलेजात दोन वर्षांच्या मीडिया डिप्लोमाला अ‍ॅडमिशन घेतली. कोविडमुळे पहिली सेमिस्टर सिंहगड रोडवरच्या स्वतःच्याच बेडरूममधून, रात्री जागून. (परदेशी शिक्षण घेताना शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकलेली आमचीच एकमेव बॅच असावी.) २०२२ मध्ये कोर्स संपला. दोन वर्षांचा कोर्स केलात की तीन वर्षांचं पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट मिळतं. आयुष्यात एकदाच मिळतं, पण ओपन असतं, म्हणजे नोकरी कुठेही करा, फ्रीलान्सिंग करा, कुणी विचारत नाही.

ऑगस्टमध्ये परमिट हातात आलं. मी काय केलं असेल? फोटो काढला, आईला पाठवला, इन्स्टावर टाकला. तारीख वाचली नाही. मास कॉमला पहिल्या दिवशी शिकवतात, नाव आणि तारीख दोनदा तपासा. ते दुसऱ्यांच्या बातम्यांसाठी असतं बहुतेक.

जानेवारी २०२४ मध्ये टॅक्सचे कागद शोधताना ती तारीख दिसली. ऑगस्ट २०२५ च्या जागी ११ मार्च २०२४! पाच मिनिटं मी ही त्यांचीच चूक समजून शिव्या घातल्या. मग पासपोर्ट उघडला. बारावीत असताना दुबईच्या आत्याकडे जायचं म्हणून काढलेला पासपोर्ट, त्याची मुदत नेमकी ११ मार्चला संपत होती. वर्क परमिटची मुदत पासपोर्टच्या पुढे जात नाही. साधा नियम. माझे सतरा महिने त्यात कापले गेले होते. नशीब एवढंच, की नवा पासपोर्ट जोडून ते उरलेले महिने मागता येतात.

मग फेब्रुवारीभर पासपोर्ट रिन्यूअल. उणे बारा तापमानात रांग, कान न झाकता काढायचा फोटो, पुण्याच्या पत्त्याचा पुरावा. २७ फेब्रुवारीला नवी वही हातात पडली, २ मार्चला परमिटचा अर्ज गेला. नऊ दिवस हातात ठेवून! मी स्वतःला ट्रीट दिली.

खरा फंडा इथून सुरू होतो. जुन्या परमिटची मुदत संपायच्या आत पुढच्या परमिटचा अर्ज केलेला असेल, तर निर्णय येईपर्यंत तुम्ही कायदेशीरपणे राहू शकता आणि जुन्याच अटींवर कामही करू शकता. याला मेन्टेन्ड स्टेटस म्हणतात. पूर्वी इम्प्लाइड स्टेटस म्हणायचे, जुनी मंडळी अजूनही तेच म्हणतात. पण हातात काय असतं? संपलेलं परमिट आणि अर्जाची पोच. बस्स. नवा शिक्का नाही, नवी तारीख नाही. नकार आला, तर त्याच दिवसापासून काम बंद.

एक दिवस जरी उशीर झाला तर सगळं गणित बदलतं. आमच्या घरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका मुलाने तारीख चुकीची मोजली आणि चार दिवस उशिरा जागा झाला. त्याला स्टेटस परत मिळवण्याचा अर्ज करावा लागला. त्यासाठी ९० दिवसांची सवलत असते, पण निर्णय येईपर्यंत काम करता येत नाही. ट्रकच्या डिस्पॅचवर रात्रपाळी करणारा तो मुलगा दुपारी चारला किचनमध्ये बसून मॅगी खाताना दिसायला लागला, आणि त्याला ‘काय चाललंय’ विचारायची माझी हिंमत होईना.

१२ मार्चला सकाळी मी लॉगइन केलं तर ऑफिसचं सिस्टीम मला आत घेईना. मिसिसागातली छोटी कंपनी, मी तिथे कंटेंट लिहायचे. तिथल्या तात्पुरत्या लोकांचा सोशल इन्शुरन्स नंबर ९ ने सुरू होतो आणि त्यालाही परमिटचीच मुदत असते. नंबर संपला, म्हणजे बाई संपली, असा एचआरचा हिशेब. मी फोनवर समजावलं. मेल केला. शेवटी इमिग्रेशनच्या नियमावलीतलं कलम १८६, पोटकलम यू, प्रिंट काढून, पिवळं हायलाइट करून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. अकरा दिवस बिनपगारी गेले. मग ‘लीगलने ओके दिलं’ असा एका ओळीचा मेल आला. सॉरी वगैरे काही नाही. मीही मागितलं नाही, कारण तेव्हा मला भांडण नको, पगार हवा होता.

माझी रूममेट लुधियान्याची. तिचा कोर्स एक वर्षाचा, त्यामुळे परमिटही वर्षाचंच, आणि ते वाढत नाही. तिने मुदतीच्या आत व्हिजिटर म्हणून राहण्याचा अर्ज केला. राहणं कायदेशीर, पण परमिट संपल्या दिवसापासून काम बंद. ती ज्या रेस्टॉरंटमध्ये होती तिथला मालक रोज फोन करायचा. मागच्या दाराने ये, कॅश देतो, कुणाला कळतंय! भाडं दोघींचं मिळून होतं, मलाही क्षणभर वाटलं, जाऊ दे ना यार, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. ती म्हणाली, “पकडी गई तो पापा की ज़मीन का क्या मुँह दिखाऊँगी?” ज़मीन गहाण ठेवून ती आली होती. तीन महिने मी तिचं अर्धं भाडं भरलं. त्याबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

आणि मग मे. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे पहाटेचे चार, दादाचा फोन. बाबांच्या छातीत दुखतंय, अँजिओग्राफी केली, दोन ब्लॉक, उद्या अँजिओप्लास्टी.

मी उठून बॅग काढली. पासपोर्ट घेतला. आणि बॅगेशेजारी खाली बसले. कारण मेन्टेन्ड स्टेटस कॅनडात राहिलात तरच. बाहेर पाऊल टाकलं की ते संपतं. त्यात माझा व्हिसाही जुन्या पासपोर्टबरोबर संपलेला. म्हणजे पुण्याला जायला कुणी अडवणार नव्हतं, परत कधी येता येईल ते मात्र धड सांगता येत नव्हतं. नोकरी, डिपॉझिट, अजून साडेसहा लाख बाकी असलेलं एज्युकेशन लोन, सगळं त्या एका पोचेवर टांगलेलं. एक मैत्रीण म्हणाली, नायगाराला जा, पूल ओलांडून अमेरिकेच्या बाजूने वळसा घालून ये, बॉर्डरवर हातोहात परमिट देतात. तेव्हा बरेच जण ते करायचे. (२०२४ च्या जूनमध्ये आमच्यासारख्या परमिटवाल्यांसाठी तो रस्ता बंदच झाला.) पण पुलावरच्या ऑफिसरने नाही म्हटलं तर हातात आहे तेही जायचं. मला ते जमलं नाही.

दादाने फोन बाबांच्या कानाला लावला. मी म्हटलं, “बाबा, मी येते.”

“कशाला? इथे तू काय फुगा फुगवणारेस का आत जाऊन?” आवाज थकलेला, पण पीजे तेवढाच वाईट. मग थांबून म्हणाले, “तुझं ते स्टेटस का काय, ते सांभाळ आधी.”

मी थांबले. आत्या दुबईहून सहा तासांत पोचली, चुलतभाऊ बंगळुरूहून आला. मी ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटमध्ये लॅपटॉपसमोर, एका मॅट्रेस कंपनीच्या वर्णनात ‘आरामदायी’ला पर्याय शोधत. स्टेंट बसले, सगळं नीट झालं. पण त्या दिवशी आईने व्हिडिओ कॉल केला नाही, मेसेज केला. त्याचं कारण मी आजवर विचारलेलं नाही.

नवं परमिट जुलैत आलं, ऑगस्ट २०२५ पर्यंतचं. या वेळी तारीख तीनदा वाचली. व्हिसा काढून गणपतीला घरी आले, बाबांना पाहिलं, परत गेले. पुढचं वर्ष पर्मनंट रेसिडन्सीच्या मागे. माझा स्कोअर ४८७, आणि माझ्यासारख्यांच्या फेऱ्यांचे कटऑफ दोन्ही वर्षं पाचशेच्या वरच. फ्रेंचचा क्लास लावला, तीन महिन्यांत सोडला. व्हिजिटर म्हणून थांबता आलं असतं, रूममेटसारखं, काम न करता. लोन कोण फेडणार? ऑगस्टच्या मुदतीला सहा दिवस राहिले असताना मी विमानात बसले. कागदोपत्री एकदम क्लीन.

आता पुण्यात फ्रीलान्सिंग करते. रूममेटला अखेर नोव्हा स्कोशियात एका मालकाने रीतसर परमिट मिळवून दिलं, तिथे समुद्र आहे म्हणून रोज फोटो पाठवते. माझे तीन महिन्यांचे पैसे तिने हप्त्याने परत केले, मी नको म्हणत असताना.

परवा बाबांच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेले होते. त्यांनी स्ट्रिप माझ्या हातातून घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि मागची तारीख वाचायला लागले.

“मी बघितलीय,” मी म्हटलं.

“तू बघितलीस म्हणूनच बघतोय,” ते म्हणाले.