यादीतले शेवटचे नाव

आमच्या हायस्कूलच्या कार्यालयात, दाखल्यांच्या कपाटाला लागून, एक जुना संगणक आहे. २००७ साली शाळेचा सुवर्णमहोत्सव व्हायचा होता. त्याच्या स्मरणिकेसाठी म्हणून २००५ मध्येच माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी काढून तो घेतला. बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानदाराने सुटे भाग जुळवून तो तयार करून दिला. पेंटियम फोर, २५६ एमबी मेमरी, ४० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी. बाजारातून नवा बैल आणला की गाव जसे त्याचे दात मोजून जाते, तसे संचालक मंडळातले एकेक गृहस्थ येऊन हे आकडे विचारून गेले होते. मी तेव्हा मराठीचा साधा शिक्षक होतो. संगणकाचे मला वावडे नव्हते, पण जवळीकही नव्हती.

२०१४ मध्ये मी मुख्याध्यापक झालो. त्याच वर्षीच्या ८ एप्रिलला एक्सपीच्या देखभालीची मुदत संपली होती. यथावकाश नवी यंत्रे आली. निकाल, शिष्यवृत्त्या, सरकारी तक्ते, सगळे त्यांच्यावर गेले. जुना संगणक मात्र जागचा हलला नाही. त्याचे कारण मराठी.

आज मोबाईलवर सहज मराठी लिहिणाऱ्या मुलांना हे सांगून पटत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला १९९१ सालीच स्वतंत्र जागा मिळाली होती. पण ती सोय आमच्यासारख्यांच्या टेबलापर्यंत यायला बरीच वर्षे गेली. तोवर फाँट तयार करणारे लोक रोमन अक्षरांच्या जागांवर आपले काने, वेलांट्या, अर्धी अक्षरे बसवीत. शिवाय प्रत्येकाची बसवण्याची रीत निराळी. तो फाँट नसलेल्या यंत्रावर मजकूर उघडला की पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे यांचा बाजार भरतो. त्यात आमच्या मराठी सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या खोबणीत बसवायचे एक कुलूप होते, अंगठ्याएवढे. ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नसे, आणि नव्या संगणकांना ती खोबणच नाही. थोडक्यात, आमच्या शाळेची २००७ ची मराठी वाचता येईल असे ठिकाण म्हणजे हे एकच यंत्र.

त्या मराठीत आमच्या एका दिवंगत गुरुजींच्या आठवणी होत्या. स्मरणिकेत जागा नाही म्हणून आम्ही त्यातली सहा पाने छापली. संगणकात चौसष्ट पाने टाईप झाली होती. गुरुजी २०११ साली गेले. त्यांचे हस्तलिखित घरी माळ्यावर होते, ते ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत भिजून लगदा झाले. २०२४ च्या जूनमध्ये त्यांच्या कन्येचे पत्र आले: बाबांचे सगळे लेखन तुमच्याकडे असेल ना? आहे, असे मी उलट टपाली कळवले. मग ती जुनी सीडी काढली. तिच्यावर बुरशीचे नकाशे उमटले होते; कोणत्याच यंत्राने ती वाचली नाही. उरला संगणक, आणि तो सुरू होत नव्हता.

सुरू होत नव्हता म्हणजे अगदी मेला नव्हता. बटण दाबले की पंखा फिरे, पडदा उजळे, काळ्या पार्श्वभूमीवर विंडोजचे चिन्ह येई, त्याखाली निळे ठिपके मुंग्यांसारखे डावीकडून उजवीकडे चालू लागत आणि मध्येच कुठेतरी थांबत. मग काही केल्या हालचाल नाही. कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नसे. आमचे क्लार्क म्हणत, "हँग झालाय सर." गोठला हा शब्द मला अधिक बरोबर वाटे.

हे दुखणे जुने होते. २०१६ च्या पावसाळ्यात एके सकाळी मी लवकर शाळेत आलो, तर आमचे शिपाई मामा त्या संगणकापुढे उभे राहून बटण दाबत होते. चालू, थोडा वेळ थांबून बंद, पुन्हा चालू. पडदा गोठलेला. शाळेच्या एकमेव मराठी संगणकाशी हा माणूस खेळतो आहे, असे मला वाटले. मी बोललो. नुसता बोललो असतो तर गोष्ट वेगळी. प्रार्थनेसाठी जमलेल्या शिक्षकांसमोर बोललो. "असं चालू-बंद करूनच तुम्ही हे यंत्र घालवलंत. यापुढे त्याला हात लावायचा नाही." मामा काही म्हणाले नाहीत. हातातला दाढीचा जुना ब्रश (त्यानेच ते रोज संगणकाच्या जाळीवरची धूळ झाडत) त्यांनी खिडकीत ठेवला आणि घंटा द्यायला गेले. २०१९ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी त्या यंत्राला हात लावला नाही. दुखणे वाढतच गेले, आणि माझा समज असा की मामांनी केलेले नुकसान आता भोवते आहे.

पत्र आल्यावर मी आमच्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याला बोलावले. त्याचे खानापुरात दुरुस्तीचे दुकान आहे. शाळेत असताना व्याकरणात कच्चा होता, हे मला उगाचच आठवले. "बघूया की ओ सर," म्हणत त्याने खुर्ची ओढली.

संगणक सुरू होतो म्हणजे काय होते, ते त्याच्याकडून मला प्रथम नीट कळले. शाळा भरते तसेच असते ते. आधी एका लहानशा चिपमधली कायमची सूचना जागी होते. ती मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का, अशी हजेरी घेते. मग डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचते. त्यात पुढचे कुठे सापडेल एवढेच असते. तो पुढच्याला उठवतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. पाच-पन्नास जण उठले की मग आपल्याला पडदा दिसतो. यात कोणीही अडला की सगळी रांग उभी.

त्याने आधी मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी तपासली. ३ व्होल्टची ती, २ च्या आसपास उतरली होती. संगणकाचे घड्याळ त्यामुळे आम्ही तो विकत घेण्याच्याही आधीच्या सालात जाऊन बसले होते. बॅटरी बदलली, तारीख सुधारली, गोठणे कायम. मेमरीची पट्टी काढून तिचे पिवळे दात खोडरबराने घासले. हा उपाय मला फार आवडला, पण गुण आला नाही. प्रिंटर, स्कॅनर, मोडेमचे कार्ड, सीडीची खिडकी, एकेक सोडवून पाहिले. तेच. मग त्याने सुरुवातीलाच एफ ८ ची कळ दाबून सेफ मोड घेतला. म्हणजे अगदी अत्यावश्यक तेवढेच उठवायचे, आणि उठवताना प्रत्येकाचे नाव पडद्यावर लिहायचे. नावे भराभर उमटत गेली आणि एका ओळीवर थांबली: मप डॉट सिस.

"सापडला!" मी म्हणालो. "याच्यावर अडतंय. हा काढून टाक."

तो हसला. "नाही ओ सर. ह्येचं नाव लिहिलंय म्हणजे हा उठला. आपलं काम केलं ह्यानं. अडलाय तो ह्येच्या मागनं येणारा, आणि त्येचं नाव अजून लिहिलंच नाही. हा यादीत शेवटचा म्हणून सगळी ह्यालाच धरतात. चांगल्या चांगल्यांनी काढून बघितलंय ह्याला, काय उपयोग नाही."

माझी वाक्ये मी शिक्षकांसमोर बोललो होतो ती तारीख मला आठवत नव्हती, पण खिडकीत ठेवलेला ब्रश आठवला. तरी अजून मला सगळे कळले नव्हते.

त्याने पेटी आडवी करून टॉर्च लावला. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची गादी जमली होती; एका कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची टरफले. धूळ काढल्यावर शेजारी पेन्सिलीच्या तुकड्यांएवढ्या उभ्या नळकांड्यांची रांग दिसली. "हे बघा." त्यातल्या चौघांची डोकी भाकरीसारखी फुगली होती आणि एकाच्या डोक्यावर तपकिरी खरपुडी धरली होती. ते कपॅसिटर. २००० च्या आगेमागे आणि पुढची काही वर्षे असे सदोष कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर बसले होते, आतला द्रव बिघडून ते फुगत. म्हणजे दोष आला होता दुकानातूनच.

त्यांचे काम आमच्याकडच्या माणसाला लगेच कळेल असे आहे. नळाला पाणी कमीजास्त येते, म्हणून आपण घरावर टाकी बसवतो. एकदम चार तोट्या उघडल्या तरी धार टिकते. कपॅसिटर ही प्रोसेसरच्या विजेची टाकी. सुरू होताना सगळे भाग एकदम जागे होतात, विजेची मागणी उसळते, आणि टाकी फुटकी असली की धार तुटते. तिथेच यंत्र गोठते.

"मग कधी कधी चालू व्हायचा तो कसा?" मी विचारले.

"गार असताना असले कपॅसिटर कामच देत नाहीत. गोठला तरी आत वीज असतीच की. धा मिनिटं तसाच ठेवला, तापला, बंद करून परत लावला, दोन-तीनदा असं केलं की उठतोय. पावसाळ्यात जास्तच वेळ लागतोय. कोण तरी रोज सकाळी करीत असणार सर, नाहीतर एवढी वर्षं चालला नसता."

मी काही बोललो नाही. खानापूरच्या पावसाळ्यातल्या गार सकाळी मला माहीत आहेत. २०१६ च्या आधी मी अकराला खुर्चीत बसे तेव्हा तो संगणक नेहमी चालू असे, हेही मला माहीत होते. तो चालू कसा असतो असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मुख्याध्यापकाला फळ्यावर खडू आणि टेबलावर पाणी कसे येते हा प्रश्न पडत नाही, तसाच.

पुढचे लवकर सांगतो. डिस्क काढून तिची नक्कल दुसऱ्या यंत्रावर घेतली, म्हणजे निदान अक्षरे हातची जायची नाहीत. कपॅसिटर बदलायला बोर्ड घेऊन आम्ही बेळगावला, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे गेलो. त्यांनी संगणक आयुष्यात वापरलेला नाही. १५०० मायक्रोफॅरॅड, ६.३ व्होल्ट, एवढे वाचून त्यांनी सहा नवे कपॅसिटर अर्ध्या तासात डागून दिले आणि फुगलेले माझ्या हातावर ठेवले. परत आल्यावर बटण दाबले. निळ्या मुंग्या चालू लागल्या, आणि चालतच राहिल्या.

गुरुजींची चौसष्ट पाने निघाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा ते एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत होते. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर तारीख लिहिली, पाढे घेतले आणि एका मुलाच्या तापासाठी त्याला घरी पोचवून आले, असा मजकूर आहे. हे पान २००७ मध्ये आम्ही गाळले होते, 'विशेष काही घडत नाही' म्हणून. गाळणारा मीच. आता सगळी पाने युनिकोडमध्ये पुन्हा टाईप करून एक प्रत कन्येकडे धाडली आहे.

दुसऱ्या रविवारी मी मामांच्या गावी गेलो. ते परड्यात शेंगा वाळत घालत होते. "या सर," म्हणून त्यांनी घोंगडे अंथरले. मी खिशातून ते फुगलेले कपॅसिटर काढून दाखवले, आणि जे बोलायचे ते बोललो. आठ वर्षांपूर्वी दहा माणसांसमोर बोललो होतो, आता समोर फक्त त्यांची नात होती. हिशेब पुरा होत नाही, हे मला बोलताना कळत होते.

मामांनी एक कपॅसिटर बोटांत धरून उन्हात फिरवून पाहिला. "त्येला थंडी वाजायची सर," ते म्हणाले. "मला वाटलं तुम्हाला ठावं हाय." मग नातीला चहा ठेवायला सांगितला.

निघताना दारापर्यंत आले. "आता चालू हाय न्हवं?"

"चालू आहे."

"तरी पावसाळ्यात जरा आधीच लावून ठेवा," ते म्हणाले. "आणि तो बुरूस खिडकीतच असंल बघा, उजव्या अंगाला."