निळा दिवा कोणासाठी?

प्रवाळ म्हटले की आपल्याकडे आधी ज्योतिष्याने सांगितलेली पोवळ्याची अंगठी आठवते. काही घरांच्या दारावर 'इंद्रजाल' नावाची काळ्या फांद्यांची जाळी टांगलेली असते. तिने नजर लागत नाही, पैसा टिकतो, असे सांगून भोंदू लोक ती विकतात. लोक तिला झाडाची मुळी समजतात. वास्तविक तो काळ्या प्रवाळाचा किंवा समुद्रपंख्याचा, म्हणजे एका प्राण्याचा सांगाडा असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्माचा मार्ग दाखवला आणि असले गंडेदोरे सोडायला शिकवले. पण ज्या जीवाच्या नावावर हा बाजार चालतो तो जगतो कसा, हेही आपल्या मुलांना कळले पाहिजे. याच विचाराने आमच्या घरी खाऱ्या पाण्याची दोन फुटी काचेची टाकी आली. तिच्यात थोडे मासे आहेत आणि मऊ अंगाचे, दगडी सांगाडा नसलेले 'मश्रूम' जातीचे प्रवाळ आहेत.

टाकीवर पांढरा दिवा होताच. त्याच्या जोडीला निळा दिवा घ्यावा काय आणि कोणता, हा प्रश्न घरात आठ-दहा दिवस गाजला. दुकानदार म्हणाला, "मोठाच घ्या साहेब, सगळं कसं चमकेल बघा!" निळा रंग तर आपल्या जिव्हाळ्याचा. निळा झेंडा पाहून ज्यांचा ऊर भरून येतो त्यांना निळी टाकी आवडणारच. परंतु कोणी सांगितले म्हणून किंवा मनाला रुचले म्हणून मानू नका, पारखून घ्या, हीच शिकवण तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना दिली. दिव्याच्या खरेदीलाही ती लागू पडते. म्हणून आम्ही पहिला प्रश्न हा ठेवला : हा दिवा आपल्या डोळ्यांसाठी की त्या जीवासाठी?

सूर्याचा प्रकाश पाण्यात शिरला की त्यातला तांबडा भाग पाणी लवकर शोषून घेते. दहा मीटर खोलीवर तांबडा जवळजवळ संपतो. स्वच्छ समुद्रात सर्वांत खोल पोचतो तो निळा. समुद्राचा निळेपणा म्हणजे नुसते आकाशाचे प्रतिबिंब नव्हे, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या बोटीच्या प्रवासानंतर दाखवून दिले. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. त्याला आसरा मिळतो आणि ते प्रकाशावर साखर तयार करून यजमानाला देते. या शैवालातील रंगद्रव्ये ४०० ते ५०० नॅनोमीटरचा जांभळा-निळा प्रकाश चांगला शोषतात. म्हणजे प्रवाळाला निळा प्रकाश ही शोभा नव्हे, ती त्याची भाकरी आहे.

खरी मेख पुढेच आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत तत्पर असतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला तो त्याच्या १०० पैकी जेमतेम ४ भाग दाद देतो. म्हणून जोरदार निळा दिवाही आपल्याला मंद वाटतो. बाजारातला लक्स मीटरही माणसाच्या डोळ्याप्रमाणेच बेतलेला, त्यामुळे तोही कमीच दाखवतो. मग 'अजून एक पट्टी लावू' असे वाटते, आणि इकडे प्रवाळाला प्रकाश सोसवेनासा होतो. तो अंगातले शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उपाशी मरतो. समुद्राचे पाणी तापले की असेच घडते. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली हे भोगले.

दुसरी फसगत चमकेची. प्रवाळातील काही प्रथिने निळा प्रकाश घेऊन हिरवा किंवा नारिंगी बाहेर टाकतात. काही जातींचे प्रवाळ तर शैवाल गमावताना उलट अधिकच भडक दिसतात. तेव्हा चमक म्हणजे प्रकृती उत्तम, असे समजू नये.

पूर्वी या कामाला ४२० नॅनोमीटरच्या आसपासच्या 'अ‍ॅक्टिनिक' नळ्या वापरत, किंवा मेटल हॅलाइडचे दिवे, जे पाणी तापवत. १९९३ साली जपानच्या शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी तयार केला. निळ्या एलईडीबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे आज कमी विजेत, कमी उष्णतेत काम भागते. घेताना मात्र चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, खोक्यावर तरंगलांबीचा आलेख आहे काय. मुख्य भर ४५० च्या आसपास असावा. १०,००० किंवा २०,००० केल्विन हा आकडा केवळ रंगाची छटा सांगतो, प्रकाश किती ते सांगत नाही. दुसरी, प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय. तिसरी, वनस्पतींना उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप, ज्याला 'पार' म्हणतात. मश्रूमांना ते साधारण ५० ते १०० पुरते. कठीण प्रवाळांसाठी बनवलेला दिवा पूर्ण जोराने लावला तर त्यांचे हाल होतील. चौथी, सुरक्षितता. खारे पाणी वीज फार चांगली वाहून नेते. दिवा पाण्याच्या तुषारांपासून सुरक्षित असावा, अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच असावा, आणि वायर प्लगच्या खाली झोका देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत जात नाही. मुलांनी दिव्याकडे टक लावून पाहू नये.

आम्ही सर्वांत लहान पट्टी घेतली, पण जोर कमी करता येणारी. सुरुवात ३० टक्क्यांवर केली आणि दर आठवड्याला ५ टक्के वाढवले. पांढऱ्याच्या आधी एक तास निळा लागतो आणि नंतर एक तास राहतो. सारे मिळून नऊ तास. रात्री पूर्ण अंधार. दर रविवारी सकाळी फक्त पांढऱ्या दिव्यात मुले प्रवाळ पाहतात आणि वहीत नोंद करतात. अंग आक्रसले तर प्रकाश जास्त, मान उंचावून दिव्याकडे ताणले तर कमी. पाच आठवड्यांनी ५५ टक्क्यांवर ते पसरून स्थिर झाले, तेथेच आम्ही थांबलो. पाहुणे म्हणतात, टाकी अंधारी आहे. पण एका मश्रूमाच्या कडेला छोटे पिल्लू फुटले आहे, ते मुलांनी स्वतः शोधून काढले.

आणखी एक गोष्ट. दिवा घेतला की दगडी प्रवाळाचे तुकडे हळूच दाखवणारेही भेटतात. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालापासून संरक्षण आहे. ते घेणे वाघाची कातडी घेण्यासारखेच आहे. पंचशीलातले दुसरे शील न दिलेले घेण्यास मनाई करते. समुद्राने ते कोणाला दिलेले नाहीत. मुलांना ते दाखवायचे असतील तर मालवणच्या समुद्रात जिवंत प्रवाळ आहेत. तेथे न्यावे, हात न लावता पाहू द्यावे.

ज्यांच्या घरी अशी टाकी असेल त्यांनी दिव्याआधी एक वही आणावी. चमकणे वेगळे आणि जगणे वेगळे, हे मुलांना पाठांतराने नव्हे तर रोज पाहण्याने कळते. हाच आपला धम्म, आणि हेच विज्ञानही.